गुऱ्हाळ बंद पडलं, चरक चालू राहिला: अनरिअल टूर्नामेंटचं नेमकं काय झालं

गेल्या दिवाळीत माझी भाची सांगलीला आली होती. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून थेट माझ्या दुकानात. "मामा, हा लई तापतोय. बघ की जरा." उघडून बघितला तर पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसलेला आणि डिस्क काठोकाठ भरलेली. साफ करता करता विचारलं, "एवढं मोठं काय टाकलंयस ह्यात?"

"अनरिअल इंजिन. बंगल्याचं डिझाइन झालं की ह्यात घालायचं. मग घरमालकाला दारातून आत फिरवून आणता येतं. ऊन, फरशी, पडदे, सगळं खऱ्यासारखं."

"ह्याच नावाचा गेम होता, माहितेय?"

"गेम? इंजिन आहे ते, मामा."

मी ब्लोअर लावून धूळ उडवत राहिलो. ‘अनरिअल टूर्नामेंट’ या मालिकेचं काय झालं ते पोरगी चार शब्दांत बोलून गेली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

माझी अकरावी-बारावी २००४-०५ ची. विश्रामबागेतल्या एका गाळ्यात नेटकॅफे होता. आठ मशीन, एक ट्यूबलाइट आणि भडंगाच्या तेलानं पिवळे पडलेले कीबोर्ड. कॅफेवाला तासाचे वीस रुपये घ्यायचा आणि पन्नासाव्या मिनिटाला ‘चला, झाला तास’ म्हणत मशीन लॉक करायचा. नाव सांगत नाही, आता तो नातवंडं खेळवतोय. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की आठही यूपीएस एकदम पीं-पीं करायला लागायचे, आणि बॅटरी संपायच्या आत काय तो निकाल लावायचा असा नियम होता. त्या अंधारात आठ पडद्यांचा निळसर उजेड आणि हेडफोनमधून तो खर्जातला आवाज: डबल किल, मल्टी किल, अल्ट्रा किल, मॉन्स्टर किल. पुढं काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या बंदुकांच्या गेमच्या सर्व्हरवरही, म्हणजे खेळाडू नेटवरून जिथं एकत्र जमतात त्या मशीनवर, लोकांनी हेच आवाज उचलून बसवले, त्यामुळं आज बऱ्याच जणांना ते काउंटर-स्ट्राइकचेच वाटतात. ते अनरिअल टूर्नामेंटचे. एवढी नोंद करून पुढं जातो, कारण यावरून माझी मित्रांशी भांडणं झाली आहेत.

त्या मशीनना वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. क्वेक थ्री या त्याच्या जोडीच्या गेमला कार्ड लागायचं, तो आमच्याकडं उघडायचाच नाही. अनरिअल टूर्नामेंट मात्र नुसत्या प्रोसेसरवरही चित्र काढायचा. जरा खरबरीत दिसायचा, पण पळायचा. आमच्या गाळ्यात तो रुजला त्यामागं एवढंच साधं कारण. सीडी अर्थातच कॉपीची. आम्ही पैसे मोजले ते कॅफेवाल्याला. गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीला सांगलीतून एक दमडी गेली नाही. हेही हिशेबात धरावं लागेल.

आता ज्यांनी तो बघितलाच नाही त्यांच्यासाठी. फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे असा गेम, ज्यात पडद्यावर तुमचा चेहरा दिसत नाही. दिसते ती हातातली बंदूक आणि समोरचं जग. तुमचे डोळे म्हणजेच कॅमेरा. एपिक आणि कॅनडातली डिजिटल एक्स्ट्रीम्स या दोघांनी मिळून मे १९९८ मध्ये ‘अनरिअल’ काढला. तो होता गोष्टीचा गेम: परक्या ग्रहावर आदळलेलं कैद्यांचं जहाज आणि त्यातून वाचलेले तुम्ही. दिसायला डोळे दिपवणारा, पण नेटवर चार जण खेळायला बसले की रडायचा. ते सुधारायला म्हणून एक पुरवणी करायला घेतली. ती फुगत गेली, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये तिचाच स्वतंत्र गेम झाला, अनरिअल टूर्नामेंट. गोष्ट नाही, कथानक नाही. आखाडा, हत्यारं आणि समोर माणसं. पुढच्याच महिन्यात क्वेक थ्री आला, आणि दोन-तीन वर्षं जगभरातल्या पोरांची दोन गटांत वाटणी झाली.

खेळ किती बारकाईनं बनवला होता ते एकाच हत्यारावरून दाखवतो. शॉक रायफल. माउसचं डावं बटण दाबलं की सरळ किरण जातो, क्षणात लागतो, मार मध्यम. उजवं दाबलं की एक गोळा निघतो, संथ, तरंगत जाणारा. समोरचा सहज बाजूला होतो. दोन्ही मारे तसे बेताचेच. पण आपणच सोडलेल्या गोळ्याला आपल्याच किरणानं हवेत टिपलं, की असा स्फोट होतो की आसपासचा कुणी शिल्लक राहत नाही. म्हणजे गोळा सोडायचा, तो शत्रूच्या जवळ कधी पोचेल याचा अंदाज घ्यायचा, मधे स्वतः उड्या मारत राहायचं आणि नेमक्या क्षणी त्या तरंगत्या गोळ्यावर नेम धरायचा. आमच्यातल्या एकाला हे जमायचं, तो आता इस्लामपूरला मेडिकल चालवतो. बाकीच्यांना दहातून एकदा. ते एकदा जमलं की खुर्ची मागं सरकवून ओरडायचं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे बॉट, संगणकानं चालवलेले खेळाडू. स्टीव्ह पोल्ज नावाच्या माणसानं आधी क्वेकसाठी हौसेनं एक बॉट लिहिला होता. एपिकनं त्यालाच कामावर घेतलं. त्याचे बॉट झेंडा पळवायचे, लपायचे, हुकूम ऐकायचे. नवशिक्यापासून ‘गॉडलाइक’पर्यंत आठ पायऱ्या. कॅफेत कुणी नसेल तर बॉटांशी खेळायचं. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ आम्हा सगळ्यांसाठी, हा मोठा आधार होता.

मग हा खेळ संपला कसा? लोक सहसा एकच कारण सांगतात: एपिकचाच फोर्टनाइट हा दुसरा गेम आला आणि एपिकनं याला वाऱ्यावर सोडलं. ते खोटं नाही, पण ते शेवटचं पान आहे. खेळ त्याआधी दहा वर्षं आतून वाळत चालला होता.

सांगलीकराला हे कुस्तीवरून पटकन कळेल. अनरिअल टूर्नामेंटसारख्या खेळांना अरिना शूटर म्हणतात, म्हणजे आखाड्यातले. नियम असा की मैदानात उतरताना सगळे सारखे. तुम्ही कालच सुरुवात केलेली असो की पाच वर्षं खेळत असा, हातात तेच फुटकळ पिस्तूल, अंगात तीच १०० ची ताकद. चांगली हत्यारं, चिलखत, औषधं मैदानात ठरलेल्या जागी पडलेली असतात, उचलली की ठराविक सेकंदांनी परत येतात. जिंकायचं ते निव्वळ हातावर आणि डोक्यावर. यापेक्षा न्यायाचा खेळ सापडणार नाही.

पण नवशिक्याचं हाल कुत्रं खात नाही ते याच न्यायामुळं. जाणत्या खेळाडूच्या डोक्यात घड्याळ चालू असतं. चिलखत कधी परत येणार ते त्याला माहीत असतं, तो बरोब्बर तिथं हजर. औषधाच्या बारक्या कुप्या उचलत तो १०० ची ताकद १९९ वर नेतो, वर चिलखत चढवतो. तुम्ही त्याला पाठीमागून गाठलंत आणि दोन गोळ्या अगदी नेमक्या मारल्यात, तरी तो पडत नाही. वळतो, उडी मारतो आणि तुम्हाला आडवा करतो. परत उभे राहिलात की हातात पुन्हा तेच पिस्तूल.

काउंटर-स्ट्राइक किंवा कॉल ऑफ ड्यूटीमध्ये असं होत नाही. तिथं तीन-चार गोळ्यांत कुणीही मरतो. तुम्ही कितीही कच्चे असा, दाराआड दबा धरून बसलात तर गावातल्या सगळ्यात भारी पोराला एखादेवेळी तरी उडवता, आणि त्या एका फटक्यावर आठवडाभर खेळत राहता. अनरिअल टूर्नामेंटमध्ये नशिबाचा घास फार लहान होता. पट्टीच्यांना याच गोष्टीचा अभिमान होता. माझ्या मते त्या मालिकेचा गळा याच अभिमानानं आवळला.

कुस्तीत हा प्रश्न वस्तादांनी कधीच सोडवलाय. जत्रेच्या मैदानात कुणालाही कुणाच्या अंगावर सोडत नाहीत. आधी जोड लावतात. वजन बघायचं, तयारी बघायची, मग हलगीवर टिपरू पडायचं. नवख्या पोराची तोडीच्या पोराशी लागते. जुन्या गेमच्या सर्व्हरवर जोड लावणारं कुणी नव्हतं. यादी उघडायची, त्यातला एक सर्व्हर निवडायचा आणि आत जे कोणी असतील त्यांच्यात उडी. आत बहुतेक वेळा बारा गावचं पाणी प्यायलेले बसलेले. नवा गडी तीन वेळा अस्मान बघायचा आणि चौथ्यांदा यायचा नाही. पुढच्या काळातल्या गेमनी जोड लावण्याचं काम संगणकाकडं दिलं, त्याला मॅचमेकिंग म्हणतात. पण ते चालायला एकाच वेळी हजारो लोक हजर लागतात. दहाच पैलवान आले तर वस्तादानं जोड लावायची कुठून?

आता एक महिना लक्षात ठेवा: नोव्हेंबर २००७. या महिन्यात पीसीवर ‘अनरिअल टूर्नामेंट ३’ आला. याच महिन्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर’ आला. त्याआधी सप्टेंबरात ‘हेलो ३’ आणि ऑक्टोबरात ‘टीम फोर्ट्रेस २’ येऊन गेले होते. एकाच रस्त्यावर चार वराती. त्यातल्या कॉल ऑफ ड्यूटीनं जे केलं त्यानं धंद्याची रीतच बदलली. तिथं हरलात तरी काहीतरी मिळायचं. प्रत्येक खेळीला गुण, गुणांवर पायऱ्या, ५५ पायऱ्या. प्रत्येक पायरीवर नवी बंदूक, नवी दुर्बीण, नवं कौशल्य. रात्री दीड वाजता पोरगं म्हणतं, अजून एक खेळतो, पुढची बंदूक मिळेल. अनरिअलमध्ये हरलात तर मिळायचं काय? अनुभव. अनुभव घरी न्यायची वस्तू आहे, पण ती दिसत नाही.

मी अनरिअलच्या बाजूचा माणूस आहे, तरी सांगतो: ती ५५ पायऱ्यांची शिडी मला अजूनही लबाडी वाटते. खेळायचं खेळासाठी. पण माझ्या वाटण्यानं सर्व्हर भरत नाहीत.

एवढं कमी म्हणून कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं. तोवर अमेरिकेत शूटरचा मोठा गल्ला एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनकडं सरकला होता. माउसनं मनगट झटकलं की मागं वळून नेम धरता येतो. कन्सोलच्या पॅडवर तेच काम अंगठ्याखालच्या इवल्या दांडीनं करायचं. त्यामुळं तिथं चालणारे गेम मुळातच संथ बनवले गेले: चाल धिमी, हत्यारं दोनच, नेम धरायला गेमचीच थोडी मदत. अनरिअल टूर्नामेंटचा वेग हाच त्याचा जीव. तो पॅडवर उतरवायचा तर जीव काढूनच उतरवावा लागणार. गंमत म्हणजे हे एपिकला सगळ्यात आधी कळलं होतं. त्यांनीच नोव्हेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्ससाठी ‘गियर्स ऑफ वॉर’ काढला होता, जड पावलांचा, भिंतीआड दबून खेळायचा, सगळ्या बाबतीत अनरिअलच्या उलट. तो धो-धो चालला. वर्षभरानं तीच कंपनी जुना वेगवान खेळ घेऊन आली तेव्हा तिच्याच घरात त्याला सावत्र भाऊ होता.

आणि मालिका स्वतःशीही भांडत होती. ‘२००३’ नावाचा भाग आला, त्यातून अ‍ॅसॉल्ट (एका गटानं चढाई करायची, दुसऱ्यानं अडवायचं) हा लोकांचा आवडता प्रकारच काढून टाकलेला. ‘२००४’ मध्ये तो परत आला, सोबत गाड्या आणि भलीमोठी मैदानं. सहा सीडींवर यायचा तो. कुणी म्हणायचं १९९९ चाच खरा, कुणी म्हणायचं २००४ शिवाय दुसरा नाही. क्रिकेटमध्ये नवीन स्पर्धा आली म्हणून जुनं मैदान ओस पडत नाही. इथं प्रत्येक नवा भाग म्हणजे वेगळं गाव, वेगळे सर्व्हर. आधीच मूठभर खेळाडू, ते तीन-चार गावांत विखुरले. ‘अनरिअल टूर्नामेंट ३’ बाजारात आणणारी मिडवे ही कंपनी फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा रडायलाही फार कुणी जमलं नाही.

इथवर खेळाडूंची बाजू झाली. आता भाचीच्या लॅपटॉपकडं येतो.

इंजिन म्हणजे काय? कुठलाही गेम घ्या, निम्मं काम सगळ्यांत तेच असतं. भिंतीवर उजेड पडला तर सावली कुठं जाईल, चेंडू टाकला तर कसा उसळेल, दार उघडताना आवाज कुठून येईल, दहा माणसं नेटवर जोडली तर सगळ्यांना एकच चित्र कसं दिसेल. हे सगळं दर वेळी नव्यानं लिहीत बसायचं नसतं. एकदा नीट लिहून ठेवलेला हा जो सांगाडा, तो म्हणजे इंजिन. टिम स्वीनी या एपिकच्या मालकानं अनरिअलसाठी तो लिहिला, आणि पहिला अनरिअल बाजारात यायच्या आधीच दुसऱ्या कंपन्या तो मागायला दारात उभ्या होत्या.

कृष्णाकाठच्या माणसाला मी हे असं समजावतो. समजा एकाचं गुऱ्हाळ आहे. गूळ नामी. पण त्यानं आपल्या कामापुरता चरक असा बनवला की उसाच्या चिपाडात थेंब राहत नाही. गूळ न्यायला आलेले लोक गूळ राहू द्या म्हणतात आणि चरकाची चौकशी करतात. तो चरक भाड्यानं द्यायला लागतो. हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की काहील बिघडली, पाऊस आला, भाव पडला, तरी चरकाचं भाडं येतंच येतं. गूळ करायचा तो आता कशासाठी? चरक किती चांगला चालतो हे दाखवण्यासाठी.

अनरिअल टूर्नामेंट असा दाखवायचा गूळ होत गेला. दर नव्या भागाबरोबर इंजिनाची नवी आवृत्ती मिरवली जायची. एपिकनं सीडीवर मैदानं बनवायचं हत्यार, एडिटर, फुकट दिलं होतं, ‘घ्या आणि शिका’ म्हणून. पोरं शिकलीही. २००४ च्या भागावर एका हौशी गटानं दुसऱ्या महायुद्धाचा ‘रेड ऑर्केस्ट्रा’ केला, एपिकच्या स्पर्धेत पहिला आला, आणि त्या गटाची २००५ मध्ये ट्रिपवायर नावाची कंपनी झाली. शागीर्द शिकले आणि स्वतःचं गुऱ्हाळ घालून बसले. धंदा म्हणून उत्तम. पण जी पोरं या खेळासाठी नवी मैदानं करून तो ताजा ठेवायची, तीच बाहेर पडत गेली.

क्वेकचं तर याहून वाईट झालं, ते मधेच सांगून घेतो. २००३ चा पहिला कॉल ऑफ ड्यूटी क्वेक थ्रीच्याच इंजिनावर उभा होता. काउंटर-स्ट्राइक ज्या हाफ-लाइफवर वाढला, तो क्वेकच्या इंजिनातूनच निघालेला. ज्यांनी आखाड्याचे खेळ मागं टाकले, ते दोघेही मालकाचाच चरक नेऊन गूळ गाळत होते.

२०१४ च्या मे महिन्यात एपिकनं जाहीर केलं की नवा अनरिअल टूर्नामेंट येतोय, पूर्ण फुकट, आणि तो चाहत्यांना सोबत घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बनवायचा. कल्पना गोड होती. मी तोवर दुकान टाकलं होतं. रात्री शटर अर्धं ओढून कच्ची आवृत्ती उतरवायचो. एक-दोन मैदानं नटलेली, बाकी नुसत्या करड्या भिंती, प्लास्टर न झालेल्या बांधकामासारख्या. आणि चाहते काय करत होते? उडी १९९९ सारखी असावी की २००४ सारखी यावर हमरीतुमरी. प्रत्येकाला आपली सतरावी-अठरावी परत हवी होती. मलाही. त्याच सुमारास, मार्च २०१५ मध्ये, एपिकनं इंजिन सगळ्यांना खुलं केलं: आधी पैसे नकोत, तुमचा गेम विकला गेला तर कमाईतले ५ टक्के द्या. चरक आता गावोगाव पोचला.

तो कोरियातही पोचला. तिथल्या ब्लूहोल कंपनीनं मार्च २०१७ मध्ये अनरिअल इंजिनावर ‘पबजी’ आणला. शंभर माणसं एका बेटावर, शेवटचा उरेल तो जिंकला. अख्खं जग त्याच्यामागं लागलं. एपिककडं तेव्हा फोर्टनाइट नावाचा झोंबी मारायचा, किल्ले बांधायचा गेम नुकताच निघाला होता, बेताचा चालत होता. त्यांनी त्यात शंभर जणांचा प्रकार घालायचं ठरवलं, आणि सुमारे दोन महिन्यांत तो उभा केला. कुणी? अनरिअल टूर्नामेंटच्या टीमनं. सप्टेंबर २०१७ मध्ये तो फुकट खुला झाला. चरक भाड्यानं देणाऱ्यानंच भाडेकरूचा गूळ उचलला म्हणून ब्लूहोलनं जाहीर नाराजीही बोलून दाखवली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढं कोर्टात आलेल्या कागदांवरून २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मिळून फोर्टनाइटनं ९ अब्ज डॉलरहून जास्त मिळवले. अशा वेळी टीममधला कोण करड्या भिंतींकडं परत जाईल? डिसेंबर २०१८ मध्ये एपिकनं सांगून टाकलं की टूर्नामेंटवर आता काम चालू नाही. खरं तर काम वर्षभर आधीच थांबलं होतं.

कुणी म्हणेल, एपिकनं मनावर घेतलं असतं तर चाललं असतं. क्लिफ ब्लेझिन्स्की, अनरिअल घडवणाऱ्यांतला एक, त्यानं मनावर घेतलं होतं. एपिक सोडली, स्वतःची कंपनी काढली, ऑगस्ट २०१७ मध्ये ‘लॉब्रेकर्स’ आणला; तोच वेग, तीच उड्यांची नशा. माणसंच आली नाहीत. मे २०१८ मध्ये कंपनी बंद, त्याच सप्टेंबरात सर्व्हरही बंद. वेगवान शूटर आजही खपतात, २०१६ चा ‘डूम’ बघा, पण त्यात समोर राक्षस असतात. हरल्याचं राक्षसाला वाईट वाटत नाही, तो गेम उडवूनही टाकत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये एपिकनं मालिकेतले जुने गेम दुकानांतून काढून घेतले आणि २४ जानेवारी २०२३ ला त्यांचे ऑनलाइन सर्व्हर बंद केले. कारण दिलं ते कोरडं: जुनी यंत्रणा सांभाळणं जमत नाही. सांगलीत तर खेळ त्याच्या कितीतरी आधी संपला होता. विश्रामबागेतल्या त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. २०१६ मध्ये जिओ आलं, लॅनवर, म्हणजे एकमेकांना वायरीनं जोडलेल्या मशीनवर, शेजारी बसून खेळायची गरजच संपली. कॉलेजची पोरं आमराईच्या कट्ट्यावर बसून बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं मोबाइल रूप, खेळतात. त्याच्याही आत अनरिअल इंजिनच आहे, हे त्यांना सांगायला गेलो तर ‘काका, एक मिनिट’ म्हणतात.

एक बरं झालं. ओल्डअनरिअल नावाचा चाहत्यांचा गट आहे, तो जुन्या गेमची डागडुजी करतो, आजच्या विंडोजवर चालवून दाखवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एपिकनं त्यांना परवानगी दिली, त्यामुळं पहिला अनरिअल आणि १९९९ चा टूर्नामेंट इंटरनेट आर्काइव्हवरून रीतसर फुकट उतरवता येतो. जुन्या मूळ आवृत्तीत सर्व्हरची यादी दिसायला हवी तर सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलून चाहत्यांनी चालवलेला पत्ता घालायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

भाऊबिजेच्या दिवशी भाचीचा लॅपटॉप परत देताना मी तो त्यात टाकूनच दिला. म्हटलं, बस, एक डाव. फेसिंग वर्ल्ड्स हे मैदान लावलं: अवकाशात तरंगणारा खडक, दोन टोकांना दोन उंच मनोरे, मागं निळी पृथ्वी. बॉट नवशिक्या पायरीचे ठेवले. पोरगी बंदूक सोडून मान वर करून मनोराच बघत उभी राहिली.

"मामा, वर जायला जिना कुठाय ह्याला?"

"जिना नाही. आत शिरलीस की टेलिपोर्टर आहे, थेट वर."

"प्लॅन पास कुणी केला ह्याचा?" म्हणाली, आणि एवढ्यात समोरच्या मनोऱ्यावरून कुणीतरी तिला टिपलं. हेडशॉट.